बिडाचा तीन पायांचा कॅम्प ओव्हन : निखाऱ्यावर पाव भाजायला घ्यावा का?

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. गाडीने कॅम्पिंगला जात असाल, सोबत सहा-आठ खाणारी माणसं असतील आणि विस्तवाशेजारी तास-दीड तास बसायचा कंटाळा नसेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. पाठीवर सॅक घेऊन गड चढणार असाल तर अजिबात घेऊ नका, रिकामं भांडंच सहा किलोच्या आसपास भरतं आणि ते वर नेऊन कुणीही तुम्हाला शाबासकी देणार नाही.

माझा १० इंची आहे. आत पावणेचार-एक लिटर मावतं, खाली तीन बुटके पाय, उचलायला तारेची कडी, आणि झाकण जवळपास सपाट, त्याला कडेने बोटभर उंच काठ, म्हणजे वर निखारे ठेवता येतात. ऑनलाइन मागवला, आपल्याकडच्याच फाउंड्रीत ओतलेला आहे, चार हजारांच्या थोडा वर पडला. एक गोष्ट बघून घ्या, याला डच ओव्हनही म्हणतात, पण त्या नावाने सर्च केलं की बहुतेक ठिकाणी गॅसवर ठेवायची भांडी येतात, त्यांना पाय नसतात आणि झाकण घुमटासारखं असतं. घरी ती छानच असतील पण कॅम्पिंगला उपयोग नाही, घुमटावर निखारे ठरतच नाहीत, घसरून खाली येतात. पाय हवेत आणि झाकणाला काठ हवा, या दोन गोष्टी फोटोत दिसल्याशिवाय ऑर्डर करू नका.

आणि खरं सांगायचं तर पैसे भांड्याचे नाहीतच, झाकणाचे आहेत.

म्हणजे बघा, विस्तवावर पाव करायचा तर खालची बाजू कधीच अडत नाही, तवा ठेवला तरी खालून भाजला जातो. अडतं ते वरच्या बाजूला. खालून करपायला लागलेला असतो तोवर वरून पांढराफटक आणि ओला, आणि उलटवायला जावं तर जे काही फुगलेलं असतं ते फुस्स होऊन बसतं. भाकरी-पोळी पातळ असते म्हणून उलटवून जमतं, तीन-चार इंच उंच फुगणाऱ्या गोळ्याला वरूनच उष्णता द्यावी लागते, दुसरा इलाज नाही.

ही युक्ती काही आपल्याला नवीन नाहीये. कोकणात धोंडस (काकडीचा गोड केक) करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, सीकेपी घरांमध्ये श्रावणात निनावं (बेसन-गुळाचा गोड पदार्थ) व्हायचं ते असंच खाली विस्तव वर विस्तव, आणि गोव्यातलं बेबिंका तर थरावर थर वरच्याच उष्णतेवर भाजतात. ओव्हन घराघरात यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या बायका हे करत आल्यात. फक्त ते सगळं घरात, चुलीपाशी, जिथे वारा नाही आणि पातेलं हलत नाही. उघड्या माळावर किंवा धरणाच्या काठावर संध्याकाळी वारा सुटला की झाकणावरचे निखारे उडतात, पातळ झाकण एका बाजूने तापतं, उचलताना अर्धी राख आत. या भांड्याचं जड, काठाचं झाकण नेमकं तिथे उपयोगी पडतं. निखारे वाऱ्यात सरकत नाहीत, झाकण सरळ वर उचललं तर आत राखेचा कण पडत नाही, आणि बीड एकदा तापलं की वारा आला गेला तरी पटकन थंड होत नाही.

अशी बिडाची भांडी वाळूच्या साच्यात ओतायचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी नावाच्या माणसाने १७०७ साली घेतलं होतं, आणि अमेरिकेतली लॉज कंपनी १८९६ पासून भांडी ओततेय. तिकडे हे भांडं रानात राहणाऱ्या माणसांच्या रोजच्या जेवणाचं होतं, त्यामुळे घाट पक्का बसलेला आहे, त्यात उगाच काही फॅन्सी केलेलं नाही. मला हे फार आवडतं.

आता पाव. मी जे करते ते असं. घरूनच ५०० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम मीठ, चमचाभर साखर आणि इन्स्टंट यीस्ट कोरडंच एकत्र करून झिपच्या पिशवीत भरून नेते, म्हणजे तिथे वजनकाटा, वाट्या, मापं काही लागत नाही. तिथे फक्त पाणी घालायचं, ३२० मिलीच्या आसपास, म्हणजे एक लिटरच्या बाटलीचा तिसरा हिस्सा धरून चाला, आणि दोन चमचे तेल. यीस्ट किती ते मात्र कधी भाजणार त्यावर आहे. त्याच दिवशी भाजायचा असेल तर चहाचा एक सपाट चमचा, रात्री मळून सकाळी भाजायचा असेल तर अर्धाच.

आणि रात्री मळून सकाळी भाजायचा हाच खरा कॅम्पिंगचा पाव, याबद्दल माझं मत पक्कं आहे. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याच्या बाजूला रात्री तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं, त्या गारठ्यात पीठ सावकाश फुगतं, आणि सावकाश फुगलेल्या पिठाला जी चव येते ती दोन तासांत फुगवलेल्याला येत नाही. संध्याकाळी साताच्या सुमाराला मळायचं, मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण नुसतं वर टेकवायचं, डबा शालीत गुंडाळून तंबूच्या आत घ्यायचा (बाहेर ठेवू नका, कुत्री आणि माकडं दोन्ही असतात) आणि झोपायचं. सकाळी उठल्यावर पीठ डब्याच्या वरपर्यंत आलेलं असतं. नसेल आलं तर डबा विस्तवापासून हातभर लांब ठेवायचा, फिरवत राहायचं. चिकटून ठेवायचा नाही, कारण ५५-६० अंशांच्या वर यीस्ट मरतं आणि मेलं की मग काही करता येत नाही.

गव्हाचं पीठ वापरायचं का असं सगळे विचारतात. अर्धं-अर्धं करा, छान होतो, फक्त चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं म्हणून ३४०-३५० मिली घ्या. पूर्ण गव्हाचा केला तर खायला चांगला लागतो पण जड होतो, मिसळीचा रस्सा तसा शोषून घेत नाही.

सकाळी पिठाचे सात-आठ गोळे करून लादीपावासारखे चिकटून लावायचे, मधे एक आणि भोवती बाकीचे. इथे एक अगदी महत्त्वाची गोष्ट, गोळे थेट तळाला लावू नका. तळाशी कुकरची जाळी ठेवा, त्यावर तेल लावलेली स्टीलची ताटली आणि त्यात गोळे. बीड उष्णता धरून ठेवतं खरं पण सगळीकडे सारखी पसरवत नाही, जिथे खाली निखारा तिथे तळ जास्त तापतो, आणि जाळीने जी बोटभर हवा राहते तिच्यामुळे पावाचा तळ करपत नाही. ही जाळी भांड्यासोबत येत नाही, यायला पाहिजे होती असं माझं म्हणणं आहे. गोळे लावल्यावर पाऊण तास परत फुगू द्यायचे, तोवर निखारे तयार होतात.

निखाऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इंटरनेटवर जे गणित मिळतं ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. अमेरिकेत दाबून बनवलेल्या एकसारख्या आकाराच्या कोळशाच्या वड्या मिळतात, त्यामुळे त्यांचा हिशोब सोपा, भांडं जितके इंच त्याच्या दुप्पट वड्या म्हणजे साधारण १७५ अंश सेल्सिअस. १० इंचीला २०, त्यातल्या १३ झाकणावर आणि ७ खाली. आपल्याकडे गोणीतून जो लाकडी कोळसा येतो त्यात एक तुकडा मुठीएवढा आणि दुसरा सुपारीएवढा, मोजून काय करणार? म्हणून मोजायचं सोडून द्या आणि प्रमाण धरा, वर दोन वाटे, खाली एक वाटा. पावाला १७५ पेक्षा जास्त लागतं, २०० ते २२०, तेव्हा वरचा वाटा जरा सढळ हाताने. झाकणावर चार बोटं उंचीवर तळहात धरला आणि चार-पाच सेकंदांत काढून घ्यावासा वाटला तर बरोबर आहे, दोन सेकंदांतच काढावा लागला तर थोडे निखारे कमी करा.

लाकूड बाभळीचं मिळालं तर सोन्याहून पिवळं, निखारा घट्ट पडतो आणि बराच वेळ टिकतो. आंब्याचं लाकूड भसाभस जळतं आणि निखारा लवकर राख होतो, त्याने पेटवा पण त्याच्यावर भाजू नका. आणि जाळावर कधीच भाजायचं नाही, फक्त निखाऱ्यावर. आम्ही विस्तवाचे दोन भाग करतो, एका बाजूला लाकडं जळत राहतात, त्यातून निखारे ओढून दुसऱ्या बाजूला सपाट जागेत भांडं मांडायचं. खालचे निखारे बरोबर मधे ढीग करून ठेवायचे नाहीत, कडेच्या खाली गोल रिंगण करायचं. दर दहा मिनिटांनी भांडं चौथाई वर्तुळ एकीकडे फिरवायचं आणि झाकण दुसरीकडे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला जे जास्त पेटतं ते वाटलं जातं. झाकण उघडून बघायचा मोह पहिली वीस मिनिटं आवरा.

कारण आत जे चाललेलं असतं ते वाफेवर चाललेलं असतं. पिठातलंच पाणी वाफ होऊन कोंडतं, जड झाकणामुळे बाहेर जात नाही, त्यामुळे पावाची वरची कातडी लवकर सुकत नाही आणि पाव पूर्ण फुगेपर्यंत ताणली जाते. घरच्या छोट्या ओटीजीमध्ये (विजेच्या ओव्हनमध्ये) मला एवढा फुगलेला पाव आजवर मिळालेला नाही, हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय. पंचवीस ते तीस मिनिटांत होतो, खालून टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. शेजारच्या पातेल्यात मटकीची उसळ आणि कट उकळत असतो, झाकण उचललं की जो वास सुटतो त्याने तंबूत झोपलेली पोरं न बोलावता बाहेर येतात. पाव हाताने तोडायचा, सुरी लावायची नाही, आतून वाफ निघते, वरची कड किंचित कुरकुरीत, आणि मिसळीत बुडवला की बेकरीच्या पावासारखा विरघळत नाही, धरून राहतो. शहरातल्या कुठल्याही नामांकित ठिकाणची मिसळ मी या नाश्त्यासाठी सोडेन.

एकच मोठा गोल ब्रेड करायचा असेल तर पद्धत उलटी, भांडं आधी वीस मिनिटं रिकामं तापवायचं आणि गोळा बटर पेपरसकट आत सोडायचा. साल जाड आणि खमंग होते, ३५-४० मिनिटं लागतात, मधे एकदा वरचे निखारे बदलावे लागतात. चांगला होतो पण आठ जणांना कापून वाटण्यात मजा नाही, मी लादीच लावते.

आता हे भांडं कशासाठी वापरू नये ते. रोडग्यांसाठी मुळीच नको! विदर्भातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, जाडसर दळलेल्या कणकेचा घट्ट गोळा, आत तेलाचे पदर, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर (निखारे) झाला की त्या गरम राखेत गोळे पुरायचे, वेळोवेळी फिरवायचे, झाले की फडक्याने राख झटकून फोडायचे आणि तूप ओतून वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे. ते मी या ओव्हनमध्ये करून बघितलेत. शिजतात व्यवस्थित, रंगही येतो, पण बंद झाकणाखाली गोवरीचा धूर त्यांना लागत नाही आणि त्या धुराशिवाय रोडगा म्हणजे नुसता कणकेचा भाजलेला गोळा. तीच गोष्ट पानग्यांची. पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजायचे, पानाचा वास कणकेत उतरतो, त्याला भांडं कशाला? यीस्टचं पीठ नाजूक, त्याला चहूबाजूंनी जपावं लागतं म्हणून ओव्हन, बिनयीस्टच्या घट्ट कणकेला उघडा आरच चांगला. गोवऱ्या मात्र ओव्हनखालीही मस्त चालतात, संथ आणि एकसारख्या जळतात. आम्ही उतरतो तिथले शेतमालक दादा विचारतातच, ताई गोवऱ्या काढून ठेवू का. हो म्हणा.

लहान मुलं असतील तर काठीवरचा पाव करा, त्यालाही भांडं लागत नाही. पीठ घट्ट हवं, ५०० ग्रॅमला २७५ मिली पाणी पुरे. बोटाएवढी जाड वळी करून काठीच्या टोकाला गुंडाळायची, निखाऱ्यापासून वीतभर वर धरून फिरवत राहायचं, आठ-दहा मिनिटांत होतो, काठी काढली की मधे पोकळी राहते, तिच्यात गूळ-तूप किंवा चटणी. जाड वळी केली तर आत कच्चं राहतं, बोटाएवढीच. काठीच्या बाबतीत मात्र गंमत करू नका. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीक विषारी आहे, ओळखू येत नसेल त्या झाडाची फांदी घेऊच नका. बांबू चालतो पण चिरून पट्टी केलेला, पेरं बंद असलेला अख्खा बांबू विस्तवात फटाक्यासारखा फुटतो. सगळ्यात बरं म्हणजे घरून शेगडीच्या लांब शिगा न्याव्यात.

तक्रारी. पहिली, पाय फार बुटके आहेत, जेमतेम इंच-सव्वा इंच, त्यामुळे खाली मोठा निखारा जातच नाही, फोडून घालावा लागतो. दुसरी, कडी तारेची आहे आणि निखाऱ्यांच्या बाजूला पडून राहिली की हात लावायची सोय नाही, ती उभी राहायला खाच द्यायला हवी होती. तिसरी, झाकण उचलायचा हूक सोबत येत नाही. सांडशीने उचलायला जाऊ नका, वर किलोभर निखारे असतात आणि तोल गेला तर पायावर. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ मिमीच्या सळईचा वाकवून घेतला, अगदी थोडक्यात काम झालं. चौथी, कंपनीने सीझन्ड (म्हणजे तेलाचा थर तापवून बसवलेलं) म्हणून पाठवलं तरी तो थर अगदी पातळ होता, पहिल्या वापराच्या आधी जवसाच्या तेलाचा पुसट हात देऊन तीन-चार वेळा तापवलं तेव्हा कुठे काळं तुळतुळीत झालं. हे सगळं धरूनही मी परत हाच घेईन, पण विकणाऱ्यांनी एवढ्या किमतीत हूक आणि जाळी द्यायला हरकत नव्हती.

विस्तवाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. राखीव जंगलात विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, अभयारण्यात तर विचारही करू नका. तुमची कॅम्पसाइट कुठल्या जमिनीवर आहे ते आधी विचारा, खाजगी शेत असेल आणि मालकाने खड्डा दाखवला असेल तरच. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते, वन खातं तेव्हा जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेले मोकळे पट्टे) काढत फिरत असतं ते उगाच नाही, दरवर्षी वणव्यात डोंगरच्या डोंगर काळे झालेले आपण बघतो, त्यात पक्ष्यांची घरटी जातात, रोपं जातात. मी तरी नोव्हेंबर ते जानेवारी सोडून हे भांडं बाहेर काढत नाही. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन गरम लागत नाही ना बघा. नुसती माती टाकून जाऊ नका, मातीखाली निखारा कितीतरी तास धुमसतो. हे पाणी भांड्यावर पडू देऊ नका मात्र, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो आणि बिडाचा तडा सहजासहजी सांधून मिळत नाही.

ॲल्युमिनियमचा कॅम्प ओव्हनही मिळतो, वजन तिसऱ्या हिश्शाएवढं, गंजत नाही. पण तो पटकन तापतो आणि पटकन निवतो, वाऱ्यात पाव वरखाली होत राहतो, शिवाय भडक विस्तवात वाकू शकतो. पावासाठी बीडच.

ठेवायचं कसं, तर वापरून झाल्यावर गरम पाण्याने धुवा, विस्तवावरच कोरडं करा, तेलाचा अगदी पुसट हात द्या. पावसाळ्यात झाकण आणि भांड्याच्या मधे वर्तमानपत्राची घडी ठेवा, हवा खेळती राहते, नाहीतर ऑगस्टपर्यंत आत तांबूस थर येतो आणि तेल खवट होतं.

घ्यायच्या आधी चालवून बघायचं असेल तर घरातली जाड लोखंडी कढई घ्या, वर बिडाचा तवा उलटा न ठेवता सुलटाच ठेवा, त्याच्या खोलगट भागात निखारे बसतात, आत जाळी आणि ताटली तशीच. वाफ थोडी निसटते, पाव जरा कमी फुगतो, पण तुम्हाला हे सगळं करायला आवडतंय का ते एका सकाळीत कळेल. आवडलं तर मग १० इंची घ्या. ८ इंचीत जेमतेम दोन लिटर मावतं, चार पावांत सहा माणसं भांडतील, आणि १२ इंची निखाऱ्यांसकट उचलायला दोन माणसं लागतात.